पोपटांसकट काकू

काकूंना कोणी ‘जरा प्रॅक्टिकल व्हा’ म्हणालं, की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग समोरच्याचं काही खरं नसायचं.

मॉरिसव्हिलमध्ये त्या आमच्या शेजारी राहायच्या. घरात दोन कुत्रे आणि दोन पोपट. यातलं एकही त्यांनी हौसेनं आणलेलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या भागात नोकरी गेली की व्हिसाही जातो आणि घाईघाईनं देश गाठावा लागतो. सोफा, टीव्ही विकून टाकता येतात. कुत्रे आणि पोपट कुठे ठेवणार? काकूंकडे. सेटल झालो की लगेच बोलावून घेतो, असं सांगून लोक जायचे. सुरुवातीला व्हिडिओ कॉल यायचे, मग तेही थांबायचे.

पोपट एक शब्द बोलत नसत. मी तसं म्हणाले, तर काकू म्हणाल्या, “बरंय की. गोड बोलणारे पुष्कळ पाहिले.”

काका वारल्यावर काकूंनी कायमचं नागपूरला परतायचं ठरवलं. आवराआवर करायला वाळवंटातल्या चँडलरहून त्यांचा मुलगा आला.

“आई, डॉग्जचं झालंय. पण बर्ड्सना इंडियात न्यायची परमिशन मिळत नाहीये. त्यांना इथल्याच रेस्क्यू शेल्टरमध्ये देऊ या. आणि नागपूरचा उन्हाळा! जरा प्रॅक्टिकल हो ना.”

चष्मा टेबलावर आला.

“तुझ्या चँडलरला काय बर्फ पडतो का रे? यांना एकदा सोडून झालंय. दुसऱ्यांदा मी नाही सोडणार.”

“आई, घर विकलंय. तिकीट बुक केलंय!”

“मग कॅन्सल कर.”

घर तर गेलंच होतं. मी आपलं सहज म्हणाले, आमच्याकडे राहा. दुसऱ्याच दिवशी सगळा लवाजमा आमच्या गेस्टरूममध्ये हजर. माझा नवरा शिंकून शिंकून हैराण झाला. काकू रोज सकाळी परवानगीच्या ऑफिसला फोन लावायच्या आणि होल्डवर ठेवलं की स्पीकर चालू करून पोळ्या लाटायला घ्यायच्या. दुपारी कुत्र्यांना प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावायच्या. ते आत शिरेनात, तेव्हा काकूंनी स्वतःची जुनी साडी आत अंथरली.

असे कितीतरी आठवडे गेले. एकदा वैतागून मी म्हणाले, “काकू, शेवटी पोपटच आहेत हो ते.” दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पोळ्या मात्र आमच्याही करत होत्या. मला फार लाज वाटली.

अखेर परवानगी आली. निघताना मी काकूंच्या हातावर दही ठेवलं. त्यांनी थोडं चाखलं आणि उरलेलं कुत्र्यांपुढे धरलं. “यांचाही प्रवास आहे.”

पिंजरे गाडीत चढले. दारात काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

“जाते गं.”

“काकू, येते म्हणा. जाते म्हणू नये.”

“नाही म्हणणार. येतो येतो म्हणत गेलेल्यांचीच आहेत ही सगळी. मी जाते. आणि सगळ्यांना घेऊन जाते.”