केरबाच्या लेकीचं बारसं

गोदाअक्का नसती, तर हा प्रवास झाला नसता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती अहमदपूरला एका शाळेत खिचडी शिजवते. माझ्या छातीत धडधड सुरू झाली, घरातले अंगारे-धुपारे करू लागले, तेव्हा तिनंच मला हाताला धरून लातूरच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आधी तिचं नाव, मग बाकीचं.

मी लुधियान्याला स्वेटरच्या कारखान्यात आहे. सातवीतच शाळा सोडली. माझं नाव केरबा. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून मी जन्मल्यावर मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या कांताबाईनं उचललं आणि मायनं (आईनं) ज्वारी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. केरातला म्हणून केरबा. मृत्यूला वाटावं, हे कुणाच्या कामाचं नाही. वर नाक टोचलं आणि शाळेत जाईपर्यंत अक्काचे फ्राक घातले. पोरगी समजली की सटवाई हात लावत नाही म्हणे. वर्गात पोरं नाकाचं भोक बघून "केराबाई" म्हणायची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, तो तेव्हापासून.

यंदा लेक झाली, तिच्या बारशाला निघालो. आदल्या वर्षी मुलगा जन्मताच गेला होता, त्यामुळं वाटभर जीव टांगणीला. नांदेडला उतरलो तर गुरुद्वाऱ्यात लंगरची पंगत बसलेली. डाळ, रोटी, खीर. पंजाबात खातो तीच डाळ, पण इथं वाढणारा मराठीत म्हणाला, "अजून घ्या, पाव्हणं, लाजू नका." पोट भरलं. मग बसस्टँडवर घाईत चढलो ते भोकरच्या गाडीत. कंडक्टर हसला, "अहमदपूरला भोकरवरून जाता का? पृथ्वीला चक्कर मारून राहिले का?" उतरलो, योग्य गाडी धरली. दोन्हीकडं काळं रान, मधेच हिरवा हरभरा. गाव जवळ आल्याचं मला त्या काळ्या मातीवरून कळतं.

अहमदपूरला अक्का स्टँडवरच उभी होती. "लई वाळलास रे. तिकडं रोट्या मोजून देतात का?" दुसऱ्या दिवशी तिनं मला लातूरला नेलं. दवाखान्याच्या बाकावर गावाकडचा एक जण भेटला. "कामून आलास (का आलास)? येड्याच्या दवाखान्यात?" मी खाली बघितलं. अक्का म्हणाली, "दादा, तुमी बी त्याच बाकावर बसलाव की." त्यानं सरकून आम्हाला जागा दिली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. मी विचारलं, "हे सगळं माझ्या नावामुळं झालं का?" त्या म्हणाल्या, "नावामुळं शाळेत त्रास झाला, ते खरं. पण तुम्ही जन्मलात तेव्हा तुमचं घर घाबरलेलं होतं. इतकी भीती कुणासाठी वाटते, त्याचाही विचार करा."

जांबवरून मुखेडकडं, आमच्या गावाला जाताना मी तोच विचार करत होतो. अक्का खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. अचानक म्हणाली, "तुला माझा फ्राक घालून वाचवलं. मी तर रोजच फ्राकात होते. माझ्यासाठी कुणाला भ्याच वाटलं न्हाई."

मी तिच्या ओंजळीतल्या शेंगा घेऊन फोडू लागलो.

घरी पाळणा सजला होता. सुमन, माझी बायको, लेकीला घेऊन बसली होती. बायका जमल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून सगळ्या अक्काकडं बघत होत्या. अक्का म्हणाली, "माय, आधी सूप आण. हिला बी उकिरड्यावरून घ्यायचं."

माय हसली. "येडी का तू? पोरगी हाय ती. पोरीला काय होतंय?"

"हाव, काय बी होत न्हाई. मी हायच की जिती."

बायका हसल्या, पण अक्का हसली नाही. सुमननं माझ्याकडं बघितलं. छातीत ढोल वाजू लागला. पळून जावं वाटलं. पण बोललो, "माय, मला केरात ठेवलं ते मी जाऊ नये म्हणून. मी केरबा, या लेकीचा बाप. हिच्यासाठी बी जरा घाबर की."

माय उठली. आत गेली आणि सूप घेऊन आली.

कांताबाईला बोलावलं. ती बौद्ध, नवसा-सायासावर तिचा विश्वास नाही. कुणीतरी टोमणा मारलाच, "तुमी तर देव सोडले ना?" ती म्हणाली, "देव सोडले बाई, शेजार न्हाई सोडला." उकिरड्यावर ठेवलेल्या सुपातून पोर उचलून माझ्याकडं बघत म्हणाली, "बाप लई रडका निघाला. ही तरी हसरी निघू दे." आणि लेकीला घेऊन आपल्या घराकडं चालू लागली.

रीतीप्रमाणं तिच्या उंबऱ्यावर ज्वारी देऊन पोर परत घ्यायची. मायनं ज्वारी घेतली, पण पोर कोपऱ्याआड जाताच ती धावलीच. अनवाणी, पदर सुटलेला, ज्वारी सांडत. "दे, दे, माझी दे," म्हणत तिनं लेकीला छातीशी धरलं.

अक्का दारात उभी राहून बघत होती. डोळे पुसत मला म्हणाली, "माय पोरीसाठी कशी पळती, ते एकदा बघायचं होतं मला."

मग तिनं पाळण्यात वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं. समृद्धी. कांताबाई म्हणाली, "एवढं लांब? मी आपली समी म्हणीन."

परतीच्या गाडीत हे लिहितोय. धडधड गेली असं खोटं सांगणार नाही, गोळी खिशात आहे. पण ज्या नावाची आजवर लाज वाटली, त्याचा आता अभिमान वाटतो. मला कुणीतरी इतक्या भीतीनं जपलं होतं. अक्का, तुझ्यासाठी कुणी अनवाणी धावलं नाही. तुझे उपकार एक दिवस फेडीन. तू नुसती हाक मार. गाडीला लागतील तेवढे दिवस लागतील, पण मी धावत येईन.