सवय माझी होती म्हणे

शिफ्ट संपवून गेटवर आले. आमच्या प्लांटमधून बाहेर पडताना प्रत्येकाने एक बटण दाबायचं असतं. हिरवा दिवा लागला तर घरी. लाल लागला तर बॅग उघडायची. मला लाल लागला.

सिक्युरिटीवाल्याने बॅग टेबलावर उपडी केली. डबा. छत्री. सॅनिटरी पॅड. मागे शिफ्टमधल्या लोकांची रांग, सगळे बघतायत. आणि मग ती स्ट्रिप. आम्हीच बनवतो त्या दुखण्यावरच्या गोळ्यांची. अफूच्या वर्गातलं औषध, म्हणून तर एवढा पहारा.

"ह्या कुठून आल्या?"

"केमिस्टकडून. डॉक्टरने लिहून दिल्यात."

"ग्रँड," तो म्हणाला. इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. "मग बॉक्स दाखव."

बॉक्स घरी होता. मला एका खोलीत बसवलं आणि दार उघडं ठेवलं. येणारा-जाणारा वाकून बघत होता. कोणीतरी केमिस्टला फोन केला. गोळ्या माझ्याच निघाल्या. माफी कोणी मागितली नाही.

आयर्लंडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली. इथेच शिकले, इथेच नोकरीला लागले. प्लांट कुठल्या गावाजवळ आहे ते इथे लिहीत नाही, जिथे सांगायचं तिथे सांगणार आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी गोठलेल्या फुटपाथवर घसरले, पाठीतून कळ गेली ती राहिलीच. डॉक्टरने ह्या गोळ्या दिल्या. मी निर्धास्त होते. कारण बॉक्समध्ये घडी घालून जो माहितीचा कागद जातो, तो तपासणं हेच माझं काम.

त्या कागदावर आहे, सांगितल्याप्रमाणे घेतल्यास सवय लागणं दुर्मिळ. मंजूर मजकूर एका बाजूला, छापलेला दुसऱ्या बाजूला. स्वल्पविराम हलला तरी अख्खा गठ्ठा बाद. जुळलं की सही. दिवसभर जुळवून जुळवून एक गोष्ट डोक्यात बसली, की जुळतंय म्हणजे खरं आहे. बाहेरच्या बाईने कदाचित शंका घेतली असती. मला ती यायचं कारणच नव्हतं. सांगितल्याप्रमाणे घेत गेले. एक गोळी जास्त नाही.

मग एकदा बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सरकारी सुट्टीला, केमिस्ट बंद, गोळ्या संपलेल्या. अंगावर काटा, घाम, पाय आपोआप झटके देतायत, पोट बिघडलेलं. वाटलं, फ्लू. मंगळवारी दुकान उघडलं, गोळी घेतली आणि अर्ध्या तासात मी टुणटुणीत. कपडे धुवायला टाकले, स्वयंपाक केला. वरण ढवळताना हात थांबला. फ्लू असा जात नाही. गॅस बंद करून बॉक्समधला कागद काढला आणि सवयीचं ते वाक्य परत वाचलं.

बॅग उपडी झाली तेव्हाच्या जबाबात मी गोळीची सवय लागल्याचंही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. सर म्हणजे आमचे क्वालिटीचे प्रमुख, पुण्याचे. इथल्या मराठी मंडळात त्यांचा शब्द चालतो. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाले. त्या अच्छानंतर त्यांच्या घरच्या गणपतीचं बोलावणं सगळ्यांना गेलं, मला कधी आलं नाही. असलं मी मनावर घ्यायचं सोडून दिलं होतं.

एचआरच्या बाईसमोर ते मराठीत बोलले, तिला कळू नये म्हणून.

"अहो, कंपनी तुमच्या बाजूने आहे. पगारी रजा देऊ, ट्रीटमेंटचं बघू, वर्क परमिटला धक्का लागणार नाही. फक्त एवढं लेखी द्या, की सवयीचा त्रास तुम्हाला आधीपासून होता."

"मला आधी काही नव्हतं, सर."

"तसं नाही हो." ते हसले. "घरातलं वातावरण असतं ना एकेकाचं. पिणं वगैरे. तुमच्याकडे असेलच. रक्तात येतं ते."

माझे वडील म्युनिसिपालिटीत सफाई खात्यात होते. त्या कामाचा वास सहन व्हावा म्हणून बरोबरीचे सगळे पीत. वडील प्यायले नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोसमोर शब्द दिला होता, म्हणून साधी तंबाखू मळली नाही कधी. आणि हा माणूस माझ्या बापाला, न बघताच, दारुड्या ठरवून कंपनीची गोळी धुऊन काढत होता.

राग आला म्हणावं तर तेवढी ताकदच नव्हती. थकले होते. पण थकलेल्या माणसाला एक बरं असतं, गोड बोलायचे कष्ट नको वाटतात.

मी इंग्रजीत बोलले, त्या बाईला कळावं म्हणून. सर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. जुळवायची सवय आहेच. मग मी म्हणाले, "मी सही करणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत मला कामावरून थांबवल्याचा मेल आला.

पॅकिंगवरची ब्रीडा तेवढी घरी आली. तिचा भाऊ ह्याच गोळ्यांनी खलास झालाय, म्हणजे जिवंत आहे पण माणसात नाही. ती मला मलिंगार गावी घेऊन गेली, हॉस्पिटलजवळच्या एका हॉलमध्ये, अशाच गोळ्यांत अडकलेल्यांच्या बैठकीला. तिथे बस ड्रायव्हर होता, शाळेतली बाई होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी होती. सगळ्यांना कोणी ना कोणी सांगितलेलं, तुमचा स्वभावच तसा. ही सवय सोडवायचं एक नवं इंजेक्शन आलंय, तेही आमच्याच कंपनीचं. त्याचा भाव एवढा, की सरकारशी घासाघीस अजून चालू आहे आणि हे लोक रांगेत. आजार लावायचा आणि उताराही विकायचा. ह्याला आमच्याकडे धंदा म्हणत नाहीत.

माझी गोळी अजून सुटलेली नाही. मलिंगारच्या डॉक्टरीणबाई थोडी थोडी कमी करतायत. पहाटे पाय झटके देतात. दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागेल, हेही खरं. मंडळातल्या बायका फोन उचलत नाहीत.

ब्रीडाने वकील गाठलाय. कंपनीवर दावा दाखल होतोय. वकिलाने विचारलं, नाव गुप्त ठेवायचं का? ठेवता येतं. मी म्हटलं, नको. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. कोर्टात मी सांगणार आहे, की कागदावरचं 'सवय लागणं दुर्मिळ' हे वाक्य मी तपासत होते, ते खोटं आहे आणि त्याचा पुरावा मी आहे.