खारोड्यांचा डबा आसामला

आता चहा ओतलाच आहे तर ऐका. माझ्या हातून एकदा असा घोटाळा झाला, की बारामतीच्या मालधक्क्यापासून पार आसामापर्यंत माणसं डोक्याला हात लावून बसली. आसाम! मी उभ्या जन्मात लांब म्हणजे दौंड पाहिलेलं. आणि माझा डबा कुठं? आसामात!

सगळ्याचं मूळ काय, तर बाजरीच्या, उन्हात वाळवलेल्या कुरकुरीत खारोड्या.

नात रंजना, माझ्या लेकाची पोरगी. सासर इंदापूरचं, पण जावई नोकरीपायी दौंडला, म्हणून तीही तिथंच. तिला दिवस गेलेले. एका सकाळी फोनवर रडवेली झाली, "आजी, अन्न जात न्हाय गं. तुझ्या हातच्या खारोड्या खाव्या वाटत्यात."

पोटुशी पोर असं म्हणाल्यावर कोण गप बसेल? डब्यात खारोड्या भरल्या, वर कारळ्याची चटणी दाबली, फडक्यात डबा बांधला आणि निघाले स्टँडवर. आमच्याकडं डबा पाठवायचा म्हणजे यष्टीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. चिठ्ठी नाही, पावती नाही. पोरगी तिकडच्या स्टँडवर येऊन घेऊन जाते. वालचंदनगरच्या जावेला मी अशा किती शेवग्याच्या शेंगा पाठवल्यात!

पण त्या दिवशी यष्टी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी हात हलवतेय, कंडक्टरही मला हात हलवतोय!

मग आठवला भानुदास. माझा लेक मालधक्क्यावर मुकादम. ट्रकातनं कारखान्याची साखर उतरवायची आणि मालगाडीत थप्पी लावायची, हे त्याच्या हमालांच्या टोळीचं काम. म्हटलं, इथली मालगाडी दौंडावरनंच जाणार. मग यष्टीच कशाला पाहिजे?

हसू नका! माझ्या तरुणपणी इथं छोट्या रुळाची गाडी होती. तिचा गार्ड म्हणजे घरचा माणूस. दुधाची किटली न्यायचा, डबा न्यायचा, निरोपसुद्धा न्यायचा. एकदा माझी चप्पल खाली पडली तर गाडी थांबवलेली त्यानं! आता रूळ मोठे झाले, वर विजेच्या तारा आल्या, पण गाडी ती गाडीच, असं माझं डोकं.

मालधक्क्यावर गेले तर भानुदास जेवायला गेलेला. गाडी भरून उभी. गार्ड बघायला गेले तर तो पार त्या टोकाला. मधे चाळीसेक वॅगनी! माझे गुडघे म्हणाले, सुभद्रे, जमायचं नाही. समोरच एका वॅगनचं दार उघडं होतं. पडायला नको म्हणून दोन पोत्यांच्या मधे डबा नीट खोचला आणि रंजनाला फोन लावला.

"रंजे, इंजनापासनं सातव्या वॅगनीत ठेवलाय बघ. जावईबापूंना धाड."

"आजी, मालगाडी हितं थांबती का पन?"

"न थांबून जाईल कुठं? दौंड हाय ते!"

थांबली नाही! जावई फलाटावर हात पुढं करून उभा आणि गाडी त्याच्यासमोरनं धाडधाड गेली. मी मनात म्हटलं, असू दे. संध्याकाळी माघारी येईलच की, तेव्हा घेऊ.

रात्री भानुदास जेवायला बसला तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं, "दुपारची ती साखरेची गाडी माघारी कवा येती रं?"

"ती? ती आसामला गेली."

"आसाम म्हंजी भिगवणच्या पुढं का?"

त्याचा घास हातातच राहिला. "आई, पार देशाच्या त्या टोकाला! आठ दिवस लागत्यात जायला."

आठ दिवस! खारोड्यांना!

खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर हाच म्हणाला, "आता पयल्यासारखं न्हाय राहिलं. वॅगनीला सील असतंय. आत काडी जरी जास्त घावली तरी मुकादमाची टोळी बंद." मी उघडलेल्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला आणि गप बसले.

दहाव्या दिवशी भानुदास भरदुपारी घरी आला. तोंड राखेसारखं. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत साखरेची पोती आणि मधे ऐटीत बसलेला माझा डबा!

"तितं सील तोडलं तर आत हे! कुनी ठेवलं कळल्याबिगर पोतं हलवनार न्हाय म्हनत्यात. मालधक्क्याचा साहेब म्हनला, नाव दे, न्हायतर तुझी टोळी उद्यापासनं बंद." मग दात खाऊन म्हणाला, "पन नाव घावलं मला, आई! डब्यावरच घातलंय!"

मी खांब धरला.

"बाजीराव तात्या, इंदापूर!"

अगं आई! बाजीराव तात्या म्हणजे रंजनाचे सासरे, आमचे व्याही! आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनीच तो डबा दिलेला. आता भांडं भेट देताना देणारा आपलं नाव घालतोच. मला कुठं अक्षर येतंय? मी भांडी पोच्यांवरनं ओळखते!

"तात्या कशाला ठिवतील रं?" मी कशीबशी म्हणाले.

"त्यांच्या भाच्याला टोळीत घेतला न्हाय मी, त्याचा सूड! मी साहेबाला नाव देऊन आलोय. उद्या बोलावलंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी मीही मालधक्क्यावर गेले. तात्या इंदापुरातनं आलेले, पांढऱ्या मिशा थरथरतायत.

"साहेब, वरीस झालं मी बारामतीत पाय ठेवला न्हाय! आन् साखरेच्या गाडीशी माझं काय काम? मला डॉक्टरनं चहातली साखरसुदीक बंद केलीया!"

"मग डबा काय चालत गेला?" भानुदास ओरडला.

"तुझ्या घरी दिलेला डबा हाय त्यो! तुझ्या घरात इचार!"

"माझ्या घरावर येता? मी आजच पोरगी माहेरी आनतो!"

"आन की! आजपासनं सोयरीक संपली!"

रंजना! पाचवा महिना! तिचा संसार माझ्या खारोड्यांपायी मोडायला निघाला!

"थांबा!" मी किंचाळले. "डबा माझा हाय. म्याच ठेवला."

हमालांचे आकडे पोत्यांवर तसेच राहिले. भानुदास माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याची आई नाहीच.

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, मालगाडी दौंडला डबा पोचवेल असं वाटलं तुम्हाला?"

"छोटी गाडी पोचवायची की, साहेब."

साहेबांनी आसामला फोन लावला, सगळं समजावलं. तिकडून विचारलं, डब्यात ही काळी ढेकळं कसली? साहेब म्हणाले, खाऊन बघा. पलीकडं बराच वेळ नुसतं कुडुमकुडुम ऐकू आलं. मग निरोप आला, साखर उतरवायला घेतलीय. डब्यात आता काहीच उरलेलं नाही!

भानुदासनं तात्यांचे पाय धरले. तात्या मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "ऊठ गड्या. तुझ्या आईनं माझं नाव आसामात नेलं, ही काय बारकी गोष्ट हाय व्हय?" सोयरीक वाचली, टोळी वाचली.

इथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण आठवड्यानं एक हमाल रस्त्यात भेटला. म्हणाला, "आजी, मालधक्क्याच्या फाटकावर साहेबानं तुमचं नाव लिवलंय. एवढ्या मोठ्या अक्षरात!"

माझं नाव! सरकारी फाटकावर! नवं लुगडं नेसले, गल्लीतल्या चार बायका रिक्षात कोंबल्या, इंदापुरातनं तात्यांना बोलावून घेतलं. बोर्डाखाली उभं राहून फोटो काढला. बायका माझ्याकडं बघून हरखून गेल्या.

"वाचा की तात्या, मोठ्यानं!" मी पदर सारखा करत म्हणाले.

तात्यांनी घसा खाकरला. "मुकादम भानुदास यांच्या मातोश्री सुभद्राबाई यांना या मालधक्क्यात येण्यास सक्त मनाई आहे."

बायका माझ्याकडं बघायच्या थांबल्या.

"आन् खाली ते बारीक अक्षरात काय लिवलंय?" मी अजून आशेवर.

तात्यांनी डोळे बारीक केले.

"डब्यासह, किंवा डब्याशिवाय."