मावशीने शोधलेला फॉल्ट

मावशी रविवारी सकाळी अकोल्याहून आली तेव्हा माझा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. रॅमच्या पट्ट्या ताटलीत, स्क्रू वाटीत आणि जुनी हार्ड डिस्क एका फडक्यावर.

"काहून रे, याचं पोट काहून फाडलं तू?" तिनं दारातूनच विचारलं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. हा कॉम्प्युटर मी एकेक भाग जमवून स्वतः जोडला होता आणि घरी येईल त्याला त्याचं कौतुक ऐकवत होतो. मावशीच्या टेलिफोन एक्सचेंजमधले सगळे जुने फोटो स्कॅन करून मी त्यातच ठेवले होते. सोमवारी अकोल्यात तिच्या एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणी जमणार होत्या. त्यासाठी ते फोटो पेन ड्राइव्हवर न्यायला ती आली होती. आणि शनिवारी मी बूटलोडर अपडेट करून बसलो होतो. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा हा छोटा प्रोग्राम. आता तो स्वतःच अर्धवट उठायचा, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक तक्रार करायचा आणि थांबायचा.

"माहे फोटो गेले का?"

"नाही गं, आत आहेत. फक्त हा सुरू होत नाही."

मावशीनं चष्मा लावला, कागद-पेन मागितलं. उभी नोकरी तिनं बंद पडलेल्या लाइनींचे फॉल्ट शोधण्यात काढली होती. कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं.

"बिघडायच्या आधी शेवटी काय केलं?"

"अपडेट."

"त्यानं तुले काही विचारलं?"

मला आठवायला वेळ लागला. "कोणत्या डिस्कवर बसवू, असं विचारलं होतं. दोन आहेत ना, एक नवी आणि एक जुन्या कॉम्प्युटरमधली."

"मंग तू काय सांगितलं?"

"न वाचताच एंटर दाबलं."

तिनं ते लिहून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरं. बंद पडल्यावर?"

"जुनी डिस्क काढून ठेवली. वाटलं, तिचीच लुडबुड असेल. मग रॅम पुसली, केबल बदलली, मग..."

"थांब. एका टायमाले एकच गोष्ट बदलवा लागते. तू त निरा जत्रा भरवली." तिनं कागदावर पेन टेकवलं. "अन् तो नवा बूटलोडर या जुन्या डिस्कवर बसला असंल त? तिलेच तू काढून निजवलं!"

तिचं बरोबर होतं. नव्या डिस्कवर बूटलोडरचा पहिला तुकडा जुनाच राहिला होता, त्याच्या बाकीच्या फाइली मात्र बदलल्या होत्या. दोघांचं जुळणार कसं?

सगळं होतं तसं जोडलं. बटण दाबून सेटिंगमध्ये गेलो, जुन्या डिस्कचा नंबर पहिला लावला. पडदा क्षणभर काळाच राहिला. मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग काय सुरू करायचं ते विचारणारी यादी आली, आणि पाठोपाठ माझा नेहमीचा डेस्कटॉप.

"आला!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

मग बूटलोडर योग्य डिस्कवर बसवला. या वेळी मावशीनं मला पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. डिस्कचे नंबर पूर्वीसारखे करून दोनदा बंद-चालू करून पाहिलं, तेव्हाच तिचं समाधान झालं. फोटो पेन ड्राइव्हवर उतरेपर्यंत आम्ही दोघांनी गिल्ला वडा मागवून खाल्ला.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मागं प्रचंड कलकलाट होता. मावशीनं फोन हातोहात फिरवला, आणि मी कधीही न भेटलेल्या बाया एकेक करून मला सांगू लागल्या, की एक्सचेंजच्या फोटोत डोक्याला हेडफोन लावून रांगेत बसलेल्यांमधली आपण नेमकी कोणती.