पाळण्याची चाल रवींद्रची होती

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुहासिनी देवस्थळी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आपल्या घरात, अकरा महिन्यांच्या वीरला कडेवर घेऊन खिमट ढवळत होत्या. वीरचे आईवडील कामावर गेले होते. सुहासिनीबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मराठी घरांतली लहान मुलं त्या बरीच वर्षं घरी सांभाळतात.

दुपारी मुलांना झोपवताना त्या पाळणा म्हणत. चाल त्यांचे पती रवींद्र यांची. रवींद्र रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते, घरी पेटी वाजवायचे. १९८६ साली मुलीच्या, विनीताच्या बारशाला त्यांनी हा पाळणा रचला. पुढे ओळखीतल्या प्रत्येक बारशाला तोच म्हटला जाऊ लागला. शेवटच्या कडव्यात नव्या बाळाचं नाव घालायचं, एवढाच बदल.

त्या बारशानंतर दोन वर्षांनी तिथल्या मराठी मंडळाने एका कंपनीकडून गाण्यांची कॅसेट काढली. त्यात सुहासिनीबाईंनी पाळणा गायला. संगीतकार म्हणून कुणाचं नाव छापू, असं फोनवर विचारलं गेलं. रवींद्र समोरच बसले होते. त्यांनी हातानेच नको म्हटलं. आपल्याच नवऱ्याचं कौतुक आपण काय सांगायचं, म्हणून बाईंनीही आग्रह धरला नाही. "पारंपरिक लिहा," त्या म्हणाल्या.

रवींद्र सहा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी विनीताला जिममध्ये एका गाजलेल्या नाचाच्या गाण्यात आईचा आवाज ऐकू आला. कॅसेटमधल्या चार ओळी उचलून कुणीतरी त्यावर ठेका चढवला होता. वकिलाने सांगितलं, रेकॉर्डिंगचे हक्क कॅसेट कंपनीने केव्हाच विकलेत. आणि पारंपरिक चाल कुणाच्याच मालकीची नसते.

गेल्या वर्षी केया आली. अमेरिकेतच, ट्रॉय शहरात वाढलेली, तिशीतली दिग्दर्शिका. ज्यांचं संगीत वापरलं गेलं पण नाव गाळलं गेलं, अशा कलाकारांवर ती माहितीपट करत होती.

"काकू, शूटला साडी नेसाल? स्क्रीनवर खूप छान दिसेल."

"अगं, ही पोरं अंगावर ओकतात. मी दिवसभर स्वेटपँटमध्ये असते."

"प्लीज, काकू."

त्या नेसल्या. अट एकच घातली: ह्यांचं नाव यायला हवं.

"ऑफ कोर्स!" केया म्हणाली.

परवा, शनिवारी, वेस्ट विंडसरमधल्या एका हॉलमध्ये पहिला खेळ झाला. पडद्यावर सुहासिनीबाई साडीत दिसल्या, पाळण्याची दोरी ओढताना दिसल्या. निवेदन होतं: भारतात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली अंगाई. रवींद्रबद्दल त्या कॅमेऱ्यासमोर जे काही बोलल्या होत्या, त्यातला एक शब्द नव्हता. शेवटी नामावली आली. जेवण पुरवणाऱ्यांची नावं होती. कॅमेरामनच्या कुत्र्याचंही होतं.

बाहेर केयाने त्यांना मिठी मारली. "सॉरी काकू. आमचे लॉयर म्हणाले, काकांची चाल आहे असं म्हटलं तर प्रूफ लागेल. ट्रॅडिशनल म्हणणं सेफ आहे."

"अगं, सिनेमा कशावर केलास तू?" विनीताने विचारलं.

"आय नो. पण काकू नसत्या तर फिल्ममध्ये एकही साउथ एशियन चेहरा नसता. दॅट मॅटर्स टू."

"मग मला काढ," सुहासिनीबाई म्हणाल्या, "आणि ह्यांचं नाव ठेव."

"काकू, फिल्म लॉक झालीये. आता काही बदलता येत नाही."

घरी येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी नको म्हटलं होतं. पण फोन माझ्या हातात होता."

सोमवारी दुपारी त्यांनी खोलीचे पडदे ओढले आणि वीरला थोपटलं. पाळणा म्हटला नाही. वीर बराच वेळ रडला, मग दमून झोपला.

उद्यापासून आन्या नावाची नवी मुलगी येणार आहे. तिच्या आईला बाईंनी मेसेज केला आहे: झोपवण्यासाठी घरचं साउंड मशीन, ते पावसासारखा आवाज करणारं, बरोबर पाठव. सकाळी पावणेसातला आन्याला सोडेन तेव्हा ते बॅगेत असेल, असं उत्तर आलं आहे.