लाल रेकॉर्ड आणि लाखेचा कारागीर

इंग्लंडमधल्या एका पंक रॉक बँडची पहिली रेकॉर्ड, तीही लालभडक, मला एका गोऱ्या प्रवाशाने दिली होती. आमच्या संघटनेच्या सभेत ती वाजवून मी जयपूरची रेल्वे कॉलनी पेटवणार होतो. पण त्र्याऐंशीच्या मे महिन्यातल्या उन्हात ती वाकली, म्हणून सरळ करून घ्यायला लाखेच्या बांगड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेली. तो शेगडीवर ती शेकत असताना मी क्रांतीवर बोलत राहिलो.

“बेटा, धीरे बोलो, आँच तेज हो रही है,” तो म्हणाला.

मग त्याने ती लाकडी ठोकळ्याने दाबून, घासून आरशासारखी गुळगुळीत केली.

“देखो, कितनी लकीरें पड़ गई थीं! एक भी नहीं छोड़ी.”

सगळी गाणी त्या रेघांतच होती, हे मी त्याला सांगितलं नाही. इतकं मन लावून काम करणारं आमच्या संघटनेत कोणीच नव्हतं.