न उडालेले आठ छर्रे

हिंगोलीबाहेर एक बंद पडलेली डाळमिल आहे. तिच्या गोदामात व्यंकटरावांनी एअर पिस्तुलाची रेंज काढली आहे. दहा मीटर लांब, चार जण शेजारी शेजारी उभे राहतील एवढी. व्यंकटराव पोलिसातून निवृत्त झालेले. भिंतींना अजून तुरीच्या टरफलांचा वास येतो, दमट हवेत तो वाढतो.

रागिणी रोज सकाळी सहाला इथं येते. नऊला तिला औषधाचं दुकान उघडायचं असतं. वय सव्वीस. मूळची साखऱ्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली.

नेम तिचा चांगला आहे, हे व्यंकटरावांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. हात पुढं जातो, थांबतो, थरथरत नाही. छर्रा काळ्या वर्तुळात जाऊन बसतो, पुष्कळदा अगदी मध्यात. पण साठ छर्रे पंचाहत्तर मिनिटांत झाडायचे असतात आणि रागिणीचे ते झाडून होत नाहीत. ती पिस्तूल उचलते, नेम धरते, श्वास रोखते आणि हात खाली घेते. पुन्हा उचलते. पुन्हा खाली. घंटा होते तेव्हा डबीत छर्रे उरलेले असतात.

"बावन्न सोन्यावानी मारती अन् आठ डबीत ठेवती," व्यंकटराव म्हणाले. "लोणचं घालायचं का त्याचं?"

"न्हाई सर."

"मंग? कुनाची वाट पाहून राहिली? घोडा दाबायला भटजी बोलवू का?"

बाकीची पोरं हसली. रागिणीही हसली. रविवारी निवड चाचणी होती, तिची तिसरी. आधी दोनदा छर्रे उरले म्हणून नाव गळालं होतं. रेंजवर चांगलं पिस्तूल एकच, आणि या वेळी नाव गळालं तर ते दुसऱ्या मुलीच्या हातात जाणार, हे व्यंकटरावांनी सांगून ठेवलं होतं.

वाट ती पाहत नव्हती. ती ऐकत होती.

साखऱ्याला जवारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहायचा. त्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलायची. जवारी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, आत कोण आहे ते माळ्यावरून दिसत नाही. म्हणून त्यांच्यात एक रीत होती. गोटा सोडण्याआधी हाक द्यायची, "हाय का कोनी?" आत असेल त्यानं "हाय" म्हणायचं. मग त्या अंगाला गोटा टाकायचा नाही. उत्तर आलं नाही तर शेत मोकळं.

अकरा वर्षांच्या रागिणीनं सोडलेला गोटा नऊ वर्षांच्या भावाच्या, शिवहारच्या, उजव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं तेव्हा डोक्याला पट्टी गुंडाळलेला शिवहारच बोलला, "आक्कानं हाक देली व्हती. म्याच बोललो न्हाई." तेव्हापासून गाव त्याला मुक्या म्हणू लागलं. पुढं आबाही म्हणू लागले.

रागिणीला शांतता मोकळी वाटेनाशी झाली. रेंजवर सगळे श्वास धरतात, त्या क्षणी पांढऱ्या भिंतीपुढं जवारीची ताटं उभी राहतात. आत कोणीतरी उकिडवं बसलेलं असतं आणि बोलत नसतं. ती कान देते. मग तिला आपली हाक ऐकायची असते, त्या दिवशीची. आठवणीत तोंड उघडतं, गोफण फिरते, गोटा सुटतो. आवाज येत नाही.

चाचणीच्या चार दिवस आधी शिवहार दोन बोकड घेऊन बाजाराला आला. बोकड विकले गेले, मग आईनं दिलेली भाकरी घेऊन रेंजवर आला. काही बघायचं तर त्याला सगळी मान वळवावी लागते.

"आक्का, हे पिस्तूल हाय का सायकलचा पंप?"

व्यंकटराव मोठ्यानं हसले आणि त्याला मागच्या बाकावर बसवलं. तो तासभर तिच्या हाताकडे बघत बसला. नंतर दोघं बाहेर लिंबाखाली आली. त्यानं फडकं सोडलं.

"हात खाली काहून घेऊन राहिली?"

"उगंच."

"उगंच न्हाई. कान देऊन राहिली तू. म्या मेंढरामागं असतो, मला कळतं."

ती म्हणाली, "शिवा, मला मही हाक आठवत न्हाई."

त्यानं भाकरी मोडली, ठेचा लावला, तिच्या हातात दिली.

"आठवंल कशी? देलीच न्हाईस."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत शिवहार थांबला.

"म्या ताटात दबा धरून बसलो व्हतो. तू हाक देशील अन् म्या एकदम वरडून तुला भेवडावीन, असं मनात व्हतं. लई वाट पाहिली. हाकच आली न्हाई."

"मंग आबाला तसं काहून सांगितलं?"

"आबाच्या हातात काठी व्हती. मला तर लागलंच व्हतं. मला कोन मारनार?" तो हसला. "खा आता. थंडी झाली भाकर."

रविवारी रागिणीनं साठही छर्रे झाडले. वेळ उरला. हात एकदाही मधूनच खाली आला नाही. शांततेत कोण आहे ते आता तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांचं पोरगं तोंडावर हात दाबून, हसू आवरून बसलं होतं, तिच्या हाकेची वाट बघत. प्रत्येक वेळी ते तिथंच होतं. त्याच्याकडे बघत तिनं साठ वेळा घोडा दाबला.

यादीत नाव लागलं. व्यंकटरावांनी पेढे आणले.

"कुठं गेलं तुहं ते थांबनं?"

"गेलं न्हाई सर," ती म्हणाली. त्यांना ते कळलं नाही. पेढा तिनं रुमालात बांधला.

तिनं शिवहारला फोन लावला.

"झाले का साठ?"

"झाले. शिवा, म्या आबाला सांगणार हाय."

पलीकडं मेंढरांचा आवाज होता. "कशाला? आबा थकलं आता. अन् मला सवय झाली त्या नावाची. आता नवीन नावाची सवय न्हाई व्हनार." मग हळूच, "नको आक्का."

तिनं साखऱ्याला जायला सेनगावची बस धरली.

घरी लोकर कातरणं चाललं होतं. आबांनी एक मेंढी आडवी पाडून गुडघ्याखाली धरली होती. कातरी चालत होती.

"आली का? निवड झाली म्हनं. मुक्या, आक्काला पानी आन रं."

शिवहार तांब्या घेऊन उंबऱ्यात आला आणि तिचा चेहरा बघून तिथंच उभा राहिला. रागिणी आबांच्या समोर मातीतच बसली.

"आबा, त्या दिवशी माळ्यावरून म्या हाक देली नव्हती. यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

कातरी थांबली. आबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. तोंड उघडलं, काहीतरी म्हणायचं होतं, शिवहारचं खरं नाव घ्यायचं होतं बहुधा. गुडघा ढिला पडला. मेंढी धडपडत उठली. एक अंग उघडं, दुसऱ्या अंगावर लोकर लोंबलेली. तशीच ती तिघांच्या मधून बाहेर चालत गेली. तिला धरायला कोणी उठलं नाही.